जावईबापूंची बिझनेस लाइन

पाहुणा घरात आला की माणसं त्याला बसायला सांगतात. आमचे जावई त्याला उभ्याउभ्याच एका अंधाऱ्या खोलीपाशी नेतात. खोली कसली, दोन माणसं शिरली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढी जागा. तिथे माणसाच्या उंचीची काळी लोखंडी मांडणी उभी आहे. तिला काचेचं दार, दाराला कुलूप, आणि किल्ली जावईबापूंच्या कमरेच्या पट्ट्याला. मांडणीत खोक्यांची चळत आहे. त्यांतली निम्मी कधीच मेलेली. बाकीची लुकलुकतात, कारण त्यांना वीज लावून ठेवली आहे. काम मात्र एकही करत नाही. या खोलीला आमच्या घरात सर्व्हर रूम म्हणतात. माझी धाकटी जाऊ बारशानंतर नातीला बघायला पहिल्यांदा आली, तेव्हा तिला आधी ही खोली दाखवण्यात आली आणि नात नंतर. "बाळ काय, सगळ्यांकडेच असतं," जावईबापू म्हणाले. "हे बघा. बिझनेस फायबर. आख्ख्या रस्त्यावर एवढ्या जाड पाइपातून लाइन फक्त आपल्याकडे आलीय."

जावयाविषयी वाईट बोलू नये, असं माझी आई म्हणायची. तिचा जावई वेगळा होता.

हे गृहस्थ पूर्वी एका विमा कंपनीच्या कचेरीत कागद, पेनं, शाई अशा सामानाचा हिशेब ठेवत. कंपनी बुडाली. शेवटच्या दिवशी बाकीच्यांनी आपापले कप आणि टेबलावरचे फोटो पिशवीत भरले. यांनी आपली खुर्ची लिफ्टनं खाली आणली आणि चाकांवर ढकलत रस्त्यानं घरी नेली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची आणली. त्यातूनच धंदा उभा राहिला. बंद पडणाऱ्या कचेऱ्यांचं सामान उचलायचं, पुसायचं आणि नव्या कचेऱ्यांना विकायचं. एखाद्याचं ऑफिस नुसतं आजारी पडलं तरी यांना वास लागतो, आणि हे मोजपट्टी घेऊन दारात हजर. मित्र यांना 'सीईओ' म्हणतात. मित्र चेष्टेनं म्हणतात, हे मनावर घेतात.

त्यांचा एक सिद्धान्त आहे. घरासाठी बनवलेली वस्तू कच्ची, ऑफिससाठी बनवलेली पक्की. पलंग, पंखा, दिवा, कुलूप, काहीही दाखवा, त्यावर बोट आपटून सांगणार, "हे ऑफिसचं आहे, आई. याला काही होत नाही." ज्या ज्या जागा बुडाल्या तिथलंच हे सगळं पक्कं सामान आहे, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. येईल असं वाटतही नाही. त्या डोक्याला आतून कडी आहे.

लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी राहायला घर घेतलं तेही ऑफिसच. प्रवासाची तिकिटं काढून देणारी कुठलीशी कंपनी तिथे होती. ती गेली आणि जागा 'सगळ्यासकट' यांच्या पदरात पडली. माझी मुलगी म्हणाली होती, आधी सगळं काढून टाकू, भिंती बांधू, मग राहायला जाऊ. जावईबापू म्हणाले, चांगलं आहे ते काढायचं कशाला? झालं. ज्या काचेच्या खोलीत बैठका व्हायच्या ती झाली नवरा-बायकोची झोपायची खोली. काचेवर कमरेपासून खांद्यापर्यंत धूसर पट्टी आहे. माणसाची अब्रू तेवढ्याच भागात असते असं ऑफिसवाल्यांना वाटत असावं. मी पहिल्याच दिवशी जुन्या चादरी टांगल्या. दारातल्या ज्या उंच टेबलामागे पूर्वी एखादी मुलगी हसून 'या' म्हणत असेल, ते झालं स्वयंपाकाचा ओटा. ते गिऱ्हाइकाच्या कोपराच्या उंचीनं बांधलेलं. भाजी चिरताना माझे खांदे कानाला लागतात. झोपायच्या खोलीच्या जमिनीत मधोमध झाकणाच्या चौकोनी पेट्या आहेत, तारा जोडायच्या. नातीनं त्यांत बिस्किटं साठवली आहेत. न्हाणीघराच्या दारावर 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी हिरवी पाटी अखंड तेवत असते. आणि छतातले दिवे माणूस हलला की आपोआप लागतात, थांबला की विझतात. बाळाला निजवून कूस बदलायची सोय नाही.

या सगळ्याला मी हसले असते. पण मी तिथे हसायला गेले नव्हते.

माझी मुलगी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. ज्यांना ऐकू येत नाही ते हातांनी बोलतात, ही ते तोंडानं सांगते; डॉक्टर तोंडानं बोलतो, ही ते हातांनी सांगते. बाळ होईपर्यंत ती हॉस्पिटलात जाऊन हे काम करायची. बाळासाठी तिनं ते सोडलं. आता ती ज्या संस्थेत होती त्यांनी पडद्यावरून दुभाषी द्यायला सुरुवात केली होती. रुग्ण आणि डॉक्टर हॉस्पिटलात, दुभाषी आपल्या घरी. तिला परत घ्यायला ते तयार होते, पण आधी चाचणी द्यायची होती. मुख्य दुभाषी बाई स्वतः पडद्यावर बसून बघणार होत्या, आणि तिच्या मागे आणखी उमेदवार रांगेत होते. चित्र अडकलं तर तो दोष तारेचा धरत नाहीत, दुभाष्याचा धरतात. रुग्णाला दोन्ही सारखंच.

मी नातीला सांभाळायला म्हणून आले होते. खरं सांगायचं तर मी पहारा द्यायला आले होते. सोडलेल्या कामाचं दार फार दिवस उघडं राहत नाही. ते माझ्या मुलीच्या तोंडावर बंद झालं, तर ती या काचेच्या घरात आयुष्यभर जावईबापूंच्या खुर्च्या पुसत बसेल, एवढंच मला दिसत होतं.

आता त्या लाइनविषयी. तिकिटांच्या त्या जुन्या कंपनीची काचेची तार, म्हणजे फायबर, भिंतीतून सर्व्हर रूमपर्यंत आलेली होती. जावईबापूंनी घरगुती इंटरनेट घेतलं तेव्हा नव्या कंपनीचा लाइनमन आपली नवी तार घेऊन आला. यांनी त्याला दारातच अडवलं. घरात बिझनेसची तार असताना ही दोऱ्यासारखी तार कशाला? भिंतीला भोक कशाला? लाइनमनलाही तेच हवं होतं. त्याला भोक पाडायचा आणि जिने चढायचा कंटाळा. त्यानं तळमजल्यावरच्या पेटीत जुन्या तारेचं टोक आपल्या कंपनीच्या तारेला जोडलं, वर येऊन नवं खोकं जावईबापूंच्या हातात दिलं आणि हा आळशी माणूस मोबाइलवर गाणी ऐकत बसला. तारेच्या वरच्या टोकाला निळी पिन होती. खोक्याची खोबण हिरवी होती. जावईबापूंनी निळी पिन हिरव्या खोबणीत दाबून बसवली. दिवा लागला. लाइनमन म्हणाला, "चाललं की," आणि निघून गेला. कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते असं.

चाललं, पण कसं? मोबाइलवर गप्पा मारण्यापुरतं, जावईबापूंना जुन्या खुर्च्यांचे फोटो पाठवण्यापुरतं. मुलीनं सरावाला बसायचं ठरवलं तेव्हा खरं कळलं. तिच्याबरोबर पूर्वी काम करणारा एक मित्र आहे, त्याला स्वतःला ऐकू येत नाही. तो रुग्ण होऊन पडद्यावर आला. त्यानं हात छातीकडे नेला आणि तिथेच चित्र गोठलं. छातीत दुखतंय की दुखायचं थांबलंय, हे हाताच्या पुढच्या हालचालीत असतं, आणि ती हालचाल चौकोनाचौकोनांत विरघळली. मुलगी हात वर करून थांबली. चित्र परत आलं तोवर तो तिसरंच काही सांगत होता. शेवटी त्यानं लिहून पाठवलं, "आज तू तोतरी झालीस की मी?" ती हसली. मग पडदा बंद करून बराच वेळ तशीच बसून राहिली, इतकी स्तब्ध की वरचे दिवे विझले.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं बरंच काही तपासायला लावलं आणि शेवटी विचारलं, पिनेचा रंग कोणता? माझ्या मुलीनं सांगितलं, पिन निळी, खोबण हिरवी. तेव्हा कळलं की निळ्या पिनेचं तोंड सपाट असतं आणि हिरव्या पिनेचं तिरपं कापलेलं. दोन्ही एकमेकांत बसतात, म्हणून माणूस फसतो. पण तोंडाला तोंड लागत नाही, आणि काचेच्या तारेतून जो उजेड धावतो तो निम्मा वाया जातो. एकतर त्या तारेला हिरवं टोक बसवून घ्या, नाहीतर सरळ नवी तार ओढून घ्या, असं ती म्हणाली.

हे जावईबापूंना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत झुलत होते. खुर्ची अर्थात कुठल्यातरी बुडालेल्या साहेबाची.

"रंगावर काय जातेस? दिवा लागलाय ना?"

"दिवा लागतो, चित्र येत नाही."

"ती फोनवरची पोरगी समोर कागद ठेवून वाचते. बिझनेस लाइन तिनं बघितली असेल का कधी?"

मग त्यांनी दोष शोधायला सुरुवात केली. आधी मुलीच्या लॅपटॉपचा. मग नातीच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचा. मग मला अत्यंत आदरानं सांगण्यात आलं की, आई, तुम्ही तुमचा फोन जरा बंद ठेवत जा, तुमच्या भजनांनी लाइनवर ताण येतो. मी भजनं ऐकत नाही. मी बातम्या ऐकते. ते मी बोलले नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याशी शेळीनं वाद घालू नये. तरी लाइन सुधारेना, तेव्हा त्यांनी गोदामातून आणखी दोन जुनी खोकी आणली आणि मांडणीत बसवली. आता लुकलुकणारे दिवे वाढले. चित्र होतं तसंच.

नवी तार का नको, याचं खरं कारण मला उशिरा समजलं. यांनी हाच उद्योग गिऱ्हाइकांना विकायला काढला होता. जुन्या ऑफिसचं घर करणाऱ्यांना हे सांगत, सगळं काढून टाकू नका, आतली फायबर वापरा, मी करून देतो, माझ्या घरी या आणि डोळ्यांनी बघा. लोक येत, मांडणी बघत, माना डोलवत. त्या घरात दोऱ्यासारखी पांढरी तार भिंतीवरून फिरलेली दिसली तर सीईओंची अब्रू काय राहणार? म्हणजे यांच्या अब्रूसाठी माझ्या मुलीनं हात वर करून गोठून बसायचं.

मुलगी भांडली. चांगली कडाडून भांडली, नातीला माझ्याकडे देऊन, काचेच्या खोलीचं दार लावून. चादरी असल्या तरी काच ती काच. शब्द न् शब्द बाहेर येत होता. तू ऐकतच नाहीस, ती म्हणाली. ऐकतोय की, ते म्हणाले. मग सांग मी काय म्हणाले, ती म्हणाली. त्यावर ते जे बोलले ते ऐकून मी नातीचे कान झाकले. शिवी नव्हती. ते म्हणाले, "तुझं काम म्हणजे हातवारे. त्याला एवढी स्पीड कशाला लागते?"

चाचणी परवावर आली होती.

मला रात्रंदिवस काळजी करायची सवय आहे, पण काळजीनं तार बदलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आंघोळीला गेली तेव्हा मी जावईबापूंना चहा दिला आणि सर्व्हर रूम दाखवा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर लाज वाटली. क्षणभरच. किल्ली फिरली, दार उघडलं, प्रवचन सुरू झालं. मी सगळं ऐकून घेतलं. मग शक्य तितक्या भोळ्या आवाजात विचारलं:

"अहो, पण मोठ्या ऑफिसात दोन-दोन लाइनी असतात म्हणे. एक बंद पडली तर दुसरी हवी म्हणून. आपल्याकडे एवढी सगळी व्यवस्था, आणि बॅकअप नाही?"

जावईबापूंनी मांडणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मांडणीकडे. गिऱ्हाइकांपैकी कुणी हे आजवर विचारलं नव्हतं, आणि उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे त्यांच्या कपाळावर मला स्पष्ट वाचता येत होतं.

"आहे ना प्लॅनमध्ये," ते म्हणाले. "बॅकअप तर लागतोच. मी तेच म्हणत होतो."

कधी म्हणत होते, देव जाणे. पण त्याच दिवशी दुपारी तोच कंटाळलेला लाइनमन आला. खिडकीच्या चौकटीशी भोक पाडलं, पांढरी तार भिंतीच्या कडेनं काचेच्या खोलीपर्यंत नेली आणि हिरवी पिन आणखी एका नव्या खोक्याच्या हिरव्या खोबणीत बसवली. जावईबापू कमरेवर हात ठेवून देखरेख करत होते आणि त्याला 'सेकंडरी, सेकंडरी' असं काहीतरी समजावत होते. तो हो हो म्हणत होता. हो म्हणण्यात त्याला कष्ट नव्हते.

मुलगी दुपारी बाहेर गेली होती. परत आल्यावर तिनं ती तार पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मित्राला निरोप पाठवला. संध्याकाळी मित्राबरोबर सराव झाला. त्याची बोटं मला दारातून दिसत होती, नखांसकट.

चाचणीच्या दिवशी मी नातीला घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि भाजी निवडण्याचं नाटक केलं. एकच देठ मी इतक्या वेळा मोडलं की शेवटी हातात नुसती बोटं राहिली. मुलीचा आवाज स्थिर येत होता. औषध कधीपासून घेताय, हात सुन्न होतो का, रात्री की सकाळी. मध्ये ती थांबली आणि मला वाटलं, चित्र पुन्हा गोठलं. पण ती थांबली होती कारण पलीकडचा म्हातारा विचार करत होता. विचार करणारा माणूस आणि गोठलेलं चित्र यांतला फरक तिला आता दिसत होता. ती बाहेर आली, नातीला माझ्या मांडीवरून उचललं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली, "सोमवारपासून."

रात्रीच्या जेवणाला जावईबापू रंगात होते. "बघितलंस? बिझनेस लाइन आणि बॅकअप. जोडगोळी आहे."

मुलीनं घास खाली ठेवला.

"तुझ्या बिझनेस लाइनवर आज काही नव्हतं. सगळं त्या दोऱ्यावर चाललं. आणि बॅकअप तुला सुचला नाही. आईनं तुला गुंडाळलं."

धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते. इतक्या नाजूक हातानं विणलेलं जाळं पोरीनं एका झटक्यात उसवलं. जावईबापू माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मनात आलं, आता रागावतील, आता तरी काहीतरी आत पोचलं. एखाद्या माणसाला राग येण्याची मी कधी इतकी आशेनं वाट पाहिली नव्हती.

"खरं का, आई?"

"मी आपलं विचारलं फक्त."

त्यांनी थोडा विचार केला आणि पसंतीनं मान हलवली. "मोठे साहेब असंच करतात. स्वतः काही करत नाहीत. बरोबर प्रश्न तेवढा विचारतात." मग त्यांनी आणखी भाजी मागितली. पालथ्या घड्यावर पाणी, आणि वर मला बढती.

नंतर भांडी आवरताना मुलगी म्हणाली, "हे पुन्हा करू नकोस."

"लाइन मिळाली ना?"

"मिळाली. मला त्याच्याकडून ऐकायचं होतं की त्याचं चुकलं. तू मध्ये पडलीस आणि तो होता तसाच राहिला. बाबांनाही तू असंच चालवलंस ना?"

"चालवलं. घर चाललं."

"मला घर चालवायचं नाहीये. मला त्याच्याबरोबर राहायचंय."

मी म्हटलं, असल्या माणसाला सरळ सांगून वळवायला बसशील तर केस पिकतील. ती म्हणाली, पिकू देत. त्या माणसात तिला काय दिसतं हे मला कळत नाही, आणि आता कळेल असं वाटत नाही. पण मुख्य दुभाषी बाई काय बघतात हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्याचं पुरतं सांगून होईपर्यंत माझी मुलगी नजर हटवत नाही. नवऱ्यावरही ती तीच नजर लावून बसली असावी.

सोमवारी ती वेळेवर तयार झाली. अंगात गडद रंगाचा साधा सदरा, म्हणजे हात उठून दिसतात. नात माझ्या कडेवर होती. मुलीनं ती काढून घेतली आणि जावईबापूंच्या हातात दिली.

"दुपारपर्यंत ही तुझी. खायला तू घाल, निजव तू. आईला नाही, तुला सांगतेय. काय सांगितलं मी?"

"खायला घाल, निजव," जावईबापू म्हणाले.

"आणि?"

"आईला नाही. मला."

तिनं काचेच्या खोलीत जाऊन दार लावलं. जावईबापू नातीला मोठ्या खोक्यासारखं दोन्ही हातांत लांब धरून माझ्याकडे बघू लागले. तिला असं धरतात का? मान बघा, पाय बघा. माझे हात आपोआप पुढे झाले होते. ते मी मागे घेतले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. पहिल्या जिन्यावर होते तेवढ्यात नात रडायला लागली. मी कठड्याला घट्ट धरलं आणि खाली उतरत राहिले.